दुसरे मज्जारोपण : एका निर्णयाचा इतिहास

नवे औषध कसे सापडले याच्या कथा वैद्यकाच्या इतिहासात पुष्कळ आढळतात. परंतु औषध हाती आल्यावर ते घ्यावे की न घ्यावे, घ्यावे तर किती वेळा घ्यावे, या प्रश्नाशी रोगी आणि वैद्य यांनी कशी झुंज दिली, ती हकीकत क्वचितच कोणी सांगतो. मल्टिपल मायलोमा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा इतिहास या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. त्यात यश आहे, निराशा आहे, आणि एका यशामुळेच उत्पन्न झालेला एक बिकट प्रश्नही आहे.

आपल्या हाडांच्या पोकळीत जी मज्जा असते, तिच्यात प्लाझ्मा पेशी नावाच्या पेशी राहतात. रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे तयार करणे हे त्यांचे काम. त्यांपैकी एखादी पेशी बिघडून तिची संतती बेबंद वाढू लागली, म्हणजे मायलोमा जडतो. हाडे आतून पोखरली जातात, रक्त कमी होते, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. आजच्या उपचारांनी हा रोग बहुधा मागे हटतो. पण बहुतेकांच्या बाबतीत काही वर्षांनी दुखणे पुन्हा उलटते. ज्याच्यावर एकदा स्वतःच्याच मूलपेशींचे प्रत्यारोपण झाले आहे, अशा रोग्याचे दुखणे उलटले की तज्ज्ञ त्याच्यापुढे एक प्रश्न ठेवतात : हाच उपचार दुसऱ्यांदा करावयाचा काय? पुष्कळदा त्याच्या मूलपेशींची दुसरी पिशवी पहिल्या वेळीच काढून रुग्णालयाच्या शीतकोठीत, द्रवरूप नायट्रोजनच्या थंडाव्यात राखून ठेवलेली असते. साधन तयार असते. निर्णय मात्र घ्यावयाचा राहिलेला असतो.

या निर्णयाची मुळे समजून घेण्यासाठी १८४४ सालच्या लंडनमध्ये जावे लागते. त्या वर्षी सॅम्युएल सॉली या शल्यवैद्याने सारा न्यूबरी या एकोणचाळीस वर्षांच्या स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिला चार वर्षे थकवा आणि हाडांच्या वेदना होत होत्या. नवऱ्याने तिला उचलून बिछान्यावर नेत असता तिच्या मांड्यांची हाडे मोडली. सेंट टॉमस रुग्णालयात तिला संत्र्याच्या सालीचा काढा, रेवाचिनीची गोळी आणि रात्री अफू, एवढेच देता आले. दाखल झाल्यावर पाच दिवसांतच, एप्रिल १८४४ मध्ये, तिचा अंत झाला. मृत्यूनंतर पाहता तिच्या हाडांतील मज्जेची जागा तांबूस पदार्थाने घेतलेली आढळली.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात टॉमस अलेक्झांडर मॅकबीन या लंडनमधील पंचेचाळीस वर्षांच्या व्यापाऱ्याची कथा सुरू होते. सहलीला गेला असता एका भुयारातून उडी मारून बाहेर येताना आपल्या छातीत काही तरी तुटल्यासारखे त्याला वाटले आणि असह्य वेदना सुरू झाल्या. त्याचे रक्त काढण्यात आले, जळवा लावण्यात आल्या. पुढे लोह आणि क्विनीन देण्यात आले. त्यानंतर त्याला खरोखरच बरे वाटू लागले. १८४५ च्या उन्हाळ्यात तो स्कॉटलंडच्या डोंगरांवर सोबत्यांच्या बरोबरीने हिंडला. परंतु त्या शरदऋतूत दुखणे पुन्हा उलटले. त्याच्या लघवीत एक चमत्कारिक पदार्थ सापडला. तापविले असता तो साका धरी, अधिक तापविले असता विरघळे आणि निवल्यावर पुन्हा दिसू लागे. १ नोव्हेंबर १८४५ रोजी ही लघवी हेन्री बेन्स जोन्स या तरुण रसायनवैद्याकडे पाठविण्यात आली, आणि त्याने तिच्यातील प्रथिनाचे परीक्षण केले. मॅकबीन १ जानेवारी १८४६ रोजी वारला. त्या प्रथिनाला मात्र बेन्स जोन्सचे नाव कायमचे चिकटले, आणि कर्करोगाची साक्ष देणारा प्रयोगशाळेतील पहिला पदार्थ म्हणून त्याची नोंद झाली. थोडे बरे वाटणे आणि मग दुखणे उलटणे, हा या रोगाचा स्वभाव मॅकबीनच्या त्या एका वर्षातच दिसून येतो.

१८७३ साली रुस्टिट्स्की याने या रोगाला मल्टिपल मायलोमा हे नाव दिले. १८८९ मध्ये ओटो काहलर याने त्याचे विस्तृत वर्णन केले, आणि १९०० साली राइट याने या गाठी प्लाझ्मा पेशींच्या असतात हे दाखविले. नाव मिळाले, ओळख पटली. पण औषध सापडेना. १९४७ पासून युरेथेन नावाचे द्रव्य वापरले जाऊ लागले आणि जवळजवळ वीस वर्षे ते डॉक्टरांच्या विश्वासास पात्र राहिले. शेवटी १९६६ साली हॉलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८३ रोग्यांवर केलेली एक तुलना प्रसिद्ध झाली. काहींना युरेथेन देण्यात आले होते, काहींना चव आणलेले नुसते सरबत. सरबत घेणारेच अधिक जगले. अनुभवी वैद्याच्या खात्रीलाही मोजमापाची कसोटी लावली पाहिजे, हा धडा या रोगाने तेव्हाच घालून दिला. दुसऱ्या प्रत्यारोपणाच्या वादात हाच धडा पुढे कामी यावयाचा होता.

खरे औषध तोवर आले होते. १९५३ साली लंडनमध्ये बर्गेल आणि स्टॉक यांनी मेल्फलान हे द्रव्य तयार केले. १९५८ मध्ये सोव्हिएत रशियात ब्लोखिन यांनी त्याच जातीचे औषध सहा मायलोमाग्रस्तांना दिले, त्यांतील तिघांना गुण आला. १९६० नंतरच्या दशकात मेल्फलान आणि प्रेडनिसोन यांच्या गोळ्या हा ठरीव उपचार बनला, आणि पुढे दीर्घकाळ तोच चालला. त्याने आयुष्य वाढले. पण रोग मुळापासून क्वचितच हटे.

मात्रा वाढविली तर काय होईल, हा विचार पुढे येणे स्वाभाविक होते. १९८३ साली लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयातील मॅकएल्वेन आणि पॉवल्स यांनी मेल्फलानची फार मोठी मात्रा शिरेतून देऊन पाहिली. गोळ्यांनी कधी दिसला नव्हता एवढा गुण काही रोग्यांत दिसला. अडचण अशी होती की, हे औषध रोगपेशींबरोबर निरोगी मज्जाही जाळून टाकते. मग रक्त तयार होणेच थांबते आणि रोगी जंतुसंसर्गाने वा रक्तस्रावाने दगावण्याची भीती असते. या अडचणीवर तोड अमेरिकेतील डॉनल टॉमस यांनी घातलेल्या पायावर सापडली. एका माणसाची मज्जा दुसऱ्याच्या शिरेतून देण्याचे प्रयोग त्यांनी १९५७ साली प्रसिद्ध केले होते, आणि त्याच कार्यासाठी १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मायलोमात दुसऱ्याच्या मज्जेऐवजी रोग्याच्याच मूलपेशी आधी काढून गोठवून ठेवावयाच्या, मेल्फलानची मोठी मात्रा द्यावयाची आणि नंतर त्या पेशी परत सोडावयाच्या, अशी रीत ठरली. प्रत्यारोपण हा शब्द येथे थोडा फसवा आहे. रोगावर घाव घालते ते मेल्फलान. मूलपेशी फक्त रोग्याला त्या घावातून सावरतात. दहा ते चौदा दिवसांत त्या मज्जेत रुजतात आणि पांढऱ्या पेशी पुन्हा दिसू लागतात.

एक घाव उपयोगी, तर दोन घाव अधिक उपयोगी नसतील काय? अमेरिकेतील बार्ट बार्लोगी यांनी हा प्रश्न सर्वांत आग्रहाने विचारला. आर्कान्सा विद्यापीठात त्यांनी काही महिन्यांच्या अंतराने लागोपाठ दोन प्रत्यारोपणे करण्याची पद्धत रूढ केली. दुसरे मज्जारोपण प्रथम आले ते असे : रोग उलटण्याची वाट न पाहता, तो दबलेला असतानाच पुन्हा हाणण्यासाठी.

या पद्धतीची कसोटी फ्रान्समध्ये लागली. मिशेल अटाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम १९९६ साली २०० रोग्यांच्या अभ्यासातून एका प्रत्यारोपणाचा लाभ सिद्ध केला. पाच वर्षे जगण्याचे अनुमानित प्रमाण प्रत्यारोपणाच्या गटात शेकडा ५२, तर गोळ्या व इंजेक्शनांच्या नेहमीच्या उपचारात शेकडा १२ आढळले. मग साठ वर्षांखालील ३९९ रोग्यांचे जणू चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडण्यात आले. एका गटाला एकच, दुसऱ्याला दोन प्रत्यारोपणे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सात वर्षे जगण्याचे प्रमाण एका प्रत्यारोपणानंतर शेकडा २१ आणि दोहोंनंतर शेकडा ४२ होते. परंतु त्याच आकड्यांच्या पोटात आणखी एक गोष्ट दडलेली होती. पहिल्या प्रत्यारोपणाने ज्यांचा रोग जवळजवळ नाहीसा झाला होता, त्यांना दुसऱ्याचा विशेष फायदा झाला नव्हता. ज्यांना पहिल्याने पुरता गुण आला नव्हता, त्यांनाच तो झाला होता. पुढे २००७ मध्ये इटलीतील बोलोन्याच्या गटाने ३२१ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दुसऱ्या प्रत्यारोपणाने रोग अधिक काळ दूर राहिला, पण एकूण आयुर्मानात फरक दिसला नाही. दुसऱ्या वेळेचा लाभ सर्वांना सारखा नाही, हे येथेच स्पष्ट झाले.

मधल्या काळात औषधांचे जगच पालटले. गर्भातील बालकांना पंगू करणारे म्हणून १९६० नंतरच्या दशकात बदनाम झालेले थॅलिडोमाइड १९९९ साली मायलोमावर गुणकारी ठरले. २००३ मध्ये बॉर्टेझोमिब, २००६ मध्ये मायलोमासाठी लेनालिडोमाइड आणि २०१५ मध्ये डॅराट्युमुमॅब या औषधांना अमेरिकेत परवानगी मिळाली. या औषधांच्या जोडीने एक प्रत्यारोपण केल्यावर लागोपाठ दुसरे करण्याने काही अधिक मिळते काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेत ७५८ रोग्यांचा मोठा अभ्यास झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन प्रत्यारोपणांचा गट सरस ठरला नाही. शिवाय त्या गटातील जवळजवळ एकतृतीयांश रोग्यांचे दुसरे प्रत्यारोपण झालेच नाही. उलट युरोपातील एका अभ्यासात, ज्यांच्या रोगपेशींत सतराव्या गुणसूत्राचा तुकडा गळाला होता अशा धोक्याच्या गटाला, लागोपाठच्या दोन प्रत्यारोपणांनी फायदा झालेला आढळला.

परंतु रोग्याला अधिक कठीण वाटतो तो प्रश्न वेगळाच आहे. पहिल्या प्रत्यारोपणानंतर चार-पाच वर्षे बरी गेली, माणूस कामाधामाला लागला, आणि एके दिवशी रक्ताच्या तपासणीत तेच प्रथिन पुन्हा वाढलेले दिसले. शीतकोठीत दुसरी पिशवी आहे. ती आता काढावी काय?

ब्रिटनमधील मायलोमा टेन या अभ्यासाने या प्रश्नाला हात घातला. पहिल्या प्रत्यारोपणाचा फायदा पुरेसा काळ टिकून मग दुखणे उलटलेल्या १७४ रोग्यांची त्यात विभागणी झाली : ८९ जणांना दुसरे प्रत्यारोपण, ८५ जणांना सायक्लोफॉस्फामाइडच्या गोळ्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात रोग पुन्हा वाढण्यास प्रत्यारोपणाच्या गटात मध्यमानाने १९ महिने आणि गोळ्यांच्या गटात ११ महिने लागले. २०१६ साली आयुर्मानाचे आकडे आले; ते ६७ महिने आणि ५२ महिने असे होते. दुसऱ्या प्रत्यारोपणाच्या बाजूचा हा सबळ पुरावा होय. त्याला एकच उणीव होती : ज्याच्याशी तुलना झाली, तो उपचार बारा आठवड्यांचा आणि जुन्या काळचा होता.

ही उणीव जर्मनीतील अभ्यासाने भरून काढली. तेथे तुलना सतत चालणाऱ्या लेनालिडोमाइडशी झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रोग पुन्हा वाढेपर्यंतचा काळ प्रत्यारोपणाच्या गटात २०.७ महिने आणि केवळ औषधाच्या गटात १८.८ महिने आढळला. हा फरक निर्णायक म्हणण्याजोगा नव्हता. आणि ज्यांच्या वाट्याला प्रत्यारोपण आले होते, त्यांतील बऱ्याच जणांना मध्येच रोग वाढल्यामुळे वा प्रकृती खालावल्यामुळे ते घेताच आले नाही. दोन्ही अभ्यास आपापल्या ठिकाणी खरे आहेत. उपचाराची योग्यता त्याच्या पर्यायावरही अवलंबून असते, आणि पर्याय सुधारला की जुन्या उपचाराचे पारडे हलके होते.

पारड्यात केवळ महिने टाकून चालत नाहीत. दुसऱ्या प्रत्यारोपणाच्या वेळी रोगी पहिल्यापेक्षा वयाने मोठा असतो. मेल्फलाननंतर तोंडाला व आतड्याला फोड येतात, अन्न जात नाही, केस गळतात. दोन-तीन आठवडे रुग्णालयाच्या बंद खोलीत काढावे लागतात आणि अंगात पहिल्यासारखी शक्ती येण्यास काही महिने लागतात. कुशल केंद्रांत या उपचाराने मृत्यू येण्याचे प्रमाण आता थोडे आहे, पण ते शून्य नव्हे. मेल्फलानमुळे पुढे मज्जेचा दुसराच कर्करोग उद्भवण्याचा धोकाही असतो. आणि सर्वसाधारण अनुभव असा की, दुसऱ्या प्रत्यारोपणाने मिळणारा विसावा पहिल्यापेक्षा तोकडा असतो. म्हणून पहिला विसावा किती टिकला, हाच तज्ज्ञांचा पहिला प्रश्न असतो. दीड वर्षाच्या आतच दुखणे उलटले असेल, तर त्याच औषधाचा दुसरा घाव बहुधा व्यर्थ जातो. रोग दाबून ठेवण्यासाठी औषध चालू असतानाचा विसावा असेल, तर तो तीन वर्षांचा तरी असावा, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे.

या हकीकतीचा एक धागा महाराष्ट्रातूनही जातो. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तेथेच मार्च १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले मज्जारोपण केले. ते रक्ताचा कर्करोग झालेल्या एका लहान मुलीवर होते आणि मज्जा तिच्या भावाची होती. त्यानंतर वेल्लोर, दिल्ली आणि इतरत्रही केंद्रे निघाली. भारतात मायलोमा पाश्चात्त्य देशांतील मानाने सुमारे दशकभर आधीच्या वयात आढळतो. म्हणजे पुष्कळदा घरातील कर्ता माणूसच त्याने गाठला जातो. गोवा, बेळगाव वा सोलापूरकडून मुंबईला आलेल्या कुटुंबाला रुग्णालयाच्या खर्चाबरोबर महिनामहिना राहण्याची सोयही पाहावी लागते. दादरच्या गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेचा आसरा कित्येकांना याच कारणाने आठवतो. मायलोमावरील कित्येक औषधे भारतात आता स्वस्तात तयार होतात. त्यामुळे येथील हिशेब थोडा निराळा मांडावा लागतो. जी महागडी नवी औषधे परदेशात दुसऱ्या प्रत्यारोपणाला मागे सारीत आहेत, ती ज्याला परवडत नाहीत, त्याला आधीच राखून ठेवलेली ती पिशवी हाच मोठा आधार ठरू शकतो.

परदेशात तर आणखी एक दालन उघडले आहे. रोग्याच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांना मायलोमाच्या पेशी ओळखण्यास शिकवून परत सोडण्याच्या उपचाराला २०२१ आणि २०२२ साली अमेरिकेत परवानगी मिळाली, आणि २०२४ मध्ये तो दुखणे लवकर उलटलेल्यांनाही खुला झाला. ज्याला तो मिळू शकतो, त्याच्यापुढे दुसरे प्रत्यारोपण हे अनेक मार्गांपैकी एक राहते.

अशा स्थितीत निर्णय कसा घ्यावयाचा? समजा, दोन रोगी एकाच दिवशी एकाच डॉक्टरांसमोर बसले आहेत. एक अठ्ठावन्न वर्षांचा शिक्षक आहे. पहिल्या प्रत्यारोपणानंतर त्याची सहा वर्षे निर्वेध गेली, मूत्रपिंडे व हृदय ठीक आहेत, मूलपेशी साठविलेल्या आहेत, आणि अखंड चालणाऱ्या महाग औषधांपेक्षा काही महिन्यांचा त्रास एकदाच सोसणे त्याला पसंत आहे. दुसरी बहात्तर वर्षांची गृहिणी आहे. तिला पहिल्या वेळी जंतुसंसर्गाने फार गांजले होते, दुखणे दोन वर्षांतच उलटले, आणि नातीच्या लग्नापर्यंत आपल्या घरी, आपल्या माणसांत राहावे एवढीच तिची इच्छा आहे. शिक्षकाने होकार दिला आणि त्या बाईने नकार दिला, तर दोघांचेही उत्तर बरोबर ठरेल. आकडे दोघांना सारखेच सांगितले जातील; ते आपल्या आयुष्याला कसे लागू पडतात, हे मात्र ज्याचे त्याने, घरच्यांशी आणि डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून ठरवावयाचे आहे. हा विसावा किती काळाचा, त्याची किंमत काय, आज हा उपचार राखून ठेवला तर पुढे तो घेता येईल काय, आणि नकार दिल्यास दुसरे काय मिळेल, एवढे चार प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवण्यास कोणत्याही रोग्याने संकोच करू नये.

मॅकबीनचे दुखणे उलटले, तेव्हा त्याच्यापुढे निवड करण्यासारखे काहीच नव्हते. त्याच्या वैद्यांनी एक परीक्षानळी भरून पाठविली आणि हे काय आहे असे विचारले, एवढेच त्यांच्या हाती होते. पावणेदोनशेहून अधिक वर्षांनंतर त्याच रोगाचा माणूस होय किंवा नाही म्हणू शकतो. हा अधिकार अनेक देशांतील हजारो रोग्यांनी अभ्यासांत भाग घेऊन, कोणत्या गटात आपली चिठ्ठी निघेल हे ठाऊक नसताना, मिळवून दिलेला आहे. त्यांचे ऋण मानावयाचे असेल, तर निर्णय घाईने वा केवळ भीतीने न घेता, पुरते विचारून आणि पुरते ऐकून घेणे हाच त्याचा मार्ग होय.